रेड नदीकांठचे पट्टे

शेताचा आकार हा मोजणीदाराच्या नकाशापुरताच विषय आहे, असा समज महसूल खात्यांत आयुष्य घालविलेल्या प्रस्तुत लेखकाचाही होता. कॅनडांतील मॅनिटोबा प्रांताच्या फ्रेंचभाषी गांवांची हकीकत वाचून तो पालटला.

तेथें रेड नदीच्या कांठीं सँ-नोर्बेर, सँ-झाँ-बातिस्त इत्यादि गांवें आहेत. मूळ वस्ती फ्रेंच बाप व तद्देशीय आई यांच्या वंशांतील मेती लोकांची. पुढें क्वेबेकहून व अमेरिकेच्या गिरण्यांतून फ्रेंच कुटुंबें येऊन मिळालीं. जुन्या जमिनी म्हणजे नदीपासून मैदानांत सुमारें दोन मैल गेलेले अरुंद पट्टे. प्रत्येक खातेदारास नदीचें पाणी, कांठचें लांकूड, नांगरटीची जमीन व मागें गवताचें रान मिळे. घरें सर्व नदीच्या बाजूस, म्हणून शेजारी हांकेच्या अंतरावर. नदी गोठली म्हणजे तीच घसरगाड्यांची सडक होई. नाताळाच्या मध्यरात्रीं चर्चमधून परतल्यावर मांसाची भाजलेली कचोरी खाण्यास घरोघर मंडळी जमे. वाटाण्याचें दाट सार तर नित्याचेंच.

1869 सालीं सरकारी मोजणीदार मैलामैलाचे चौरस आंखीत आले. त्या पद्धतींत 160 एकरांच्या तुकड्यावर एकेक घर एकाकी पडे. शिवाय जुन्या कब्जाचें काय, हें कोणी विचारलेंच नव्हतें. (सांखळी धरणारास हा प्रश्न सहसा सुचत नाहीं, हें मी अनुभवानें सांगतों.) 11 आक्टोबर रोजीं लुई रिएल व त्याचे सोबती सांखळीवर पाय देऊन उभे राहिले. मोजणी थांबली. 1870 सालीं प्रांत स्थापन होतांना जुना कब्जा व फ्रेंच भाषा दोन्ही मान्य झालीं. नदीकांठचे पट्टे राहिले, परंतु पुष्कळ मेती कुटुंबांच्या हातून ते गेले.

भाषेवर घाला पुढें आला. 1890 च्या कायद्यानें दरबारी कामकाजांतून फ्रेंच गेली व 1916 त द्विभाषी शाळा बंद झाल्या. परंतु घरें जवळजवळ व चर्च मध्यें, त्यामुळें शिक्षिका फ्रेंच शिकवीतच राहिल्या. इन्स्पेक्टर आला कीं पुस्तकें लपवीत. त्याच वर्षीं लोकांनीं शिक्षणमंडळी स्थापली व पुढें तिच्यामार्फत फ्रेंचच्या परीक्षा स्वतः घेण्यास आरंभ केला.

अखेर सँ-बोनिफास येथील झॉर्झ फोरे यांस गाडी उभी केल्याबद्दल दंडाची नोटीस केवळ इंग्रजींत आली. ते न्यायालयांत गेले, आणि 1979 सालीं सर्वोच्च न्यायालयानें 1890 चा कायदा अवैध ठरविला. 1994 पासून तेथील फ्रेंच शाळांचा कारभार त्यांच्याच निवडलेल्या मंडळाकडे आहे.