वत्सगुल्म ते ‘राघववेळ’

वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. संस्कृत कवी राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लागतं ते याच नगरात! अलंकारांनी नटलेल्या साहित्याचं हे गाव. आणि याच मातीतून नामदेव कांबळे यांची ‘राघववेळ’ ही कादंबरी आली, खेड्यातल्या दलित स्त्रीचं जगणं मांडणारी. १९९५ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला, तेव्हा वाशीम अकोला जिल्ह्यातच होतं. वेगळा जिल्हा झाला १९९८ मध्ये. २०२१ मध्ये कांबळे यांना पद्मश्री मिळाली.

या कादंबरीवरून एक जुना वाद आठवतो. मराठीत ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्यातला वाद खूप गाजला. मला मात्र त्यात एक प्रश्न राहून गेलेला दिसतो: जीवन म्हणजे कुणाचं? हरिभाऊ आपट्यांनी १८९० च्या सुमारास विधवेचं दुःख वास्तवाच्या अंगानं लिहिलं, पण ते पांढरपेशा घरातलं. गावकुसाबाहेरचं जगणं पुरेशा ताकदीनं यायला बाबुराव बागूल यांचा १९६३ चा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह यावा लागला. ‘राघववेळ’ त्याच वाटेवरची आहे. वाशीमकरांनो, वाचली नसेल तर जरूर वाचा.