एका अक्षराचे तीन पत्ते

किनवट तालुका १९५६पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्य पुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला आणि बोथ तालुक्यातलं इस्लापूर मंडळही तिकडून सुटून नांदेडकडे आलं. गावं जागची हलली नाहीत. बदलला तो पत्ता.

याच तालुक्यातल्या गोंड, कोलाम, प्रधान वस्त्यांमध्ये सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. या आजाराचं मूळ अकराव्या गुणसूत्रावरच्या डीएनएच्या एकाच अक्षरात आहे, आणि त्या अक्षराचाही पत्ता वेळोवेळी बदलला आहे. २००६च्या संदर्भ जीनोममध्ये त्याचा क्रमांक ५२,०४,८०८ होता. २००९च्या आवृत्तीत तो ५२,४८,२३२ झाला आणि डिसेंबर २०१३मध्ये आलेल्या आवृत्तीत ५२,२७,००२. रुग्णाच्या रक्तात यामुळे काहीही बदललं नाही. गुणसूत्राच्या टोकापासून मोजत येताना वाटेतल्या मोकळ्या जागा भरल्या गेल्या, चुकीचे जोड दुरुस्त झाले, म्हणून पुढचे सगळे क्रमांक सरकले.

संदर्भ जीनोम म्हणजे ज्याच्याशी ताडून आपण बाकीच्यांचा डीएनए वाचतो तो नमुना. त्याचा सुमारे ७० टक्के भाग अमेरिकेतल्या बफेलो शहरातल्या एकाच दात्याचा आहे. २००३मध्ये मानवी जीनोम वाचण्याचं काम पूर्ण झाल्याची घोषणा झाली, तरी सुमारे ८ टक्के मजकूर २०२२पर्यंत वाचायचाच राहिला होता.

जुने क्रमांक नव्यात नेण्यासाठी कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ विद्यापीठाचं ‘लिफ्टओव्हर’ हे साधन सर्रास वापरतात. दोन आवृत्त्यांमधले जुळणारे तुकडे एका फाइलमध्ये साखळीसारखे जोडलेले असतात. त्या आधारे क्रमांक बदलून मिळतो. जो तुकडा नव्या आवृत्तीत सापडत नाही किंवा फुटून दोन ठिकाणी जातो, तो वेगळ्या फाइलमध्ये टाकला जातो. ती फाइल न उघडणं ही माझ्या मते या कामातली सर्वांत महागडी घाई आहे.

क्रमांक न बदलता जुनाच वापरला तर काय होतं? ५२,४८,२३२ हा आकडा २०१३च्या आवृत्तीत शोधला, तर आपण २१,२३० अक्षरं दूर, गर्भावस्थेतल्या हिमोग्लोबिनच्या जनुकाशेजारी जाऊन पोचतो. हे हिमोग्लोबिन जन्मानंतरही किती टिकून राहतं, यावर सिकलसेलची तीव्रता बरीचशी अवलंबून असते. म्हणजे चूक झाली तरी उत्तर पटण्यासारखंच दिसेल.

दुसरा धोका याहून बारीक आहे. सिकलसेलचं ते अक्षर हिमोग्लोबिनच्या ज्या जनुकात आहे, ते डीएनएच्या दोन धाग्यांपैकी संदर्भ जीनोमच्या उलट धाग्यावर आहे. पाठ्यपुस्तकात ‘ए’चा ‘टी’ होतो, तोच बदल संदर्भ जीनोममध्ये ‘टी’चा ‘ए’ असा दिसतो. ही दोन अक्षरं एकमेकांची जोडीदार असल्यामुळे धागा कुठला ते लिहिलं नसेल, तर निरोगी आणि सिकल यांची सरळ अदलाबदल होऊ शकते. शिवाय काही फाइलींमध्ये मोजणी शून्यापासून होते, काहींत एकापासून. एका घराचा फरक पडला की शेजारचं अक्षर हाती येतं.

किनवटच्या आरोग्य केंद्रातल्या तपासणीला या क्रमांकांची गरज नाही. विद्राव्यता चाचणी आणि इलेक्ट्रोफोरेसिस थेट हिमोग्लोबिनच पाहतात. प्रश्न येतो तो संशोधनात. महाराष्ट्रातल्या आदिवासींमध्ये सिकलसेलवर डॉ. सुदाम काटे यांनी अनेक वर्षं काम केलं. १ जुलै २०२३ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. ‘जीनोम इंडिया’ या प्रकल्पाने ८३ समाजगटांतल्या सुमारे दहा हजार लोकांचे जीनोम वाचले. एकाच जनुकदोषाचा एका घरात कमी त्रास आणि दुसऱ्या घरात जास्त का, हे समजायचं तर अशा सगळ्या कामांतली जुनी आणि नवी माहिती एकत्र मांडावी लागेल. त्यातली बरीच जुनी माहिती जुन्या क्रमांकांत आहे.

म्हणून नांदेड-लातूरकडच्या महाविद्यालयांत या विषयावर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि मार्गदर्शकांना माझी विनंती आहे: प्रत्येक क्रमांकाशेजारी आवृत्ती आणि धागा लिहा, बदल जनुकातल्या स्थानानेही नोंदवा, आणि रूपांतर झालं म्हणून मूळ फाइल पुसू नका. वस्तीवरच्या माणसाने रक्त एकदा दिलं आहे. आपल्या अर्धवट नोंदीपायी त्याच्याकडे ते पुन्हा मागू नये.