मॉड्यूल, पॅकेज आणि पिपने येतं ते

थीसिसच्या मेथड्समध्ये मी लिहिलं, 'सायकिट-लर्न हे मॉड्यूल वापरलं.' गाईडनी त्यावर लाल पेनाने गोल केला. बरोबरच होतं.

पायथनमध्ये मॉड्यूल म्हणजे साधारणपणे एक फाईल. पॅकेज म्हणजे अशी मॉड्यूल्स पोटात ठेवणारं मॉड्यूल, बहुतेकदा एक फोल्डर. घोळ पुढे आहे: पिपने इन्स्टॉल होतं त्यालाही आपण 'पॅकेज'च म्हणतो. त्याचं नेमकं नाव डिस्ट्रिब्युशन पॅकेज.

आमच्या कळमना मार्केटातून संत्र्याची पेटी आणली, तरी खाताना सोलतो ते संत्रं. तसंच इन्स्टॉल करतो सायकिट-लर्न, इम्पोर्ट करतो एसकेलर्न. इन्स्टॉल पिलो, इम्पोर्ट मात्र पीआयएल.

व्हर्जन नंबर पेटीवर असतो. म्हणून मेथड्समध्ये पेटीचं नाव आणि व्हर्जन दोन्ही लिहा. नाहीतर तुमचाच निकाल वर्षभराने तुम्हालाही परत काढता येणार नाही.