हसण्यावारी गेलेली चूक

रविवारची सकाळ, गॅलरीत पसरलेला भुसा आणि जेवणाच्या टेबलावर आडवी ठेवलेली प्लायची फळी. भिंतीवर पुस्तकांसाठी एक मांडणी करायची, एवढाच बेत. गृहस्थ ड्रिल लावतात, भोक सुबक पडते आणि फळी उचलली की तेवढेच सुबक भोक खालच्या शिसवी टेबलातही दिसते. आतून आवाज येतो, ‘अहो, टेबलालाच भोक पाडलंत!’ पुढची दोन वर्षे घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते भोक दाखवले जाते.

घरी हौसेने सुतारकाम करणाऱ्यांकडे अशा फजितींचा साठा असतो. खुणेच्या नेमक्या उलट्या बाजूने कापलेली फळी, सनमायकाची चांगली बाजू आत ठेवून चिकटवलेला ड्रॉवर, तयार झाल्यावर खोलीच्या दारातून बाहेर न निघणारे कपाट. यावर हसता आले नाही, तर चाळिशीनंतर शिकायला घेतलेले हे काम महिनाभरात माळ्यावर जाईल. शिवाय ज्या घरात चुकीला हसतात, तिथे ती लपवली जात नाही. हे लहान फायदे नव्हेत.

पण त्याच पाहुण्यांना, त्याच सुरात आणखी एक किस्सा सांगितला जातो. कटर चालू असताना फळी हातातून उसळली, पाते मनगटाजवळून गेले, शर्टाची बाही टरकन फाटली. ‘थोडक्यात वाचलो!’ पुन्हा हशा.

हे दुसरे हसू निराळे असते. धोका जाणवताच शरीरात अॅड्रेनॅलिनचा लोट येतो, छाती धडधडते, हात कापू लागतात. पुढच्या क्षणी काही झालेले नाही हे लक्षात येते आणि साठलेला सगळा ताण हसण्यावाटे बाहेर पडतो. यात गैर काही नाही. पंचाईत पुढे होते, कारण आठवणीत भीती मागे राहत नाही, किस्सा राहतो. रॉबिन डिलन आणि कॅथरीन टिन्सली या अमेरिकी संशोधकांनी २००८ मध्ये नेमक्या याच गोष्टीवर अभ्यास प्रसिद्ध केला. केवळ नशिबाने निभावलेल्या प्रसंगाकडे माणसे इशारा म्हणून पाहत नाहीत, तर यश म्हणून पाहतात आणि पुढच्या वेळी जास्त धोका पत्करतात, असे त्यांना आढळले. अर्थात, बाही फाटली त्या दिवशी मन शिकते ते ‘असे धरले तरी चालते’ हेच.

मग टेबलाचे भोक तेवढे हसण्याजोगे आणि फाटलेली बाही गंभीर, अशी सरळ वाटणी करता येईल का? इथे एका चहाच्या किटलीची गोष्ट मदतीला येते. जेम्स रीझन हे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ १९७०च्या दशकात एकदा घरी चहा करत होते. पायाशी मांजर भुकेने ओरडत होते. रीझन यांनी मांजराच्या खाण्याचा डबा उघडला, चमचाभर खाणे काढले आणि चहाच्या किटलीत टाकले. इतर कोणी हसून किटली धुतली असती. हसले तेही असतील, पण यातून त्यांच्या पुढच्या संशोधनाचा विषय निघाला. लोकांना आपापल्या वेंधळेपणाची रोजनिशी ठेवायला सांगून त्यांनी असे प्रसंग गोळा केले. त्यातून उभे राहिलेले मानवी चुकांचे शास्त्र आज विमान वाहतुकीपासून शस्त्रक्रियागृहापर्यंत वापरले जाते.

रीझन यांच्या मांडणीतला घरच्या सुताराच्या कामाचा भाग असा : वेंधळेपणा अज्ञानातून येत नाही, सवयीतून येतो. हाताला काम अंगवळणी पडले की मन देखरेख सोडून दुसरीकडे जाते. पहिल्याच दिवशी कटर हातात घेतलेला माणूस घाबरत, एकेक सेंटिमीटर बघत कापतो. विसाव्या फळीला तो संध्याकाळी कोण येणार याचा विचार करत असतो. म्हणजे टेबलाला भोक पाडणारी आणि बाही फाडणारी चूक एकाच जातीची. दोन्ही वेळा हात चालू होता आणि लक्ष गेलेले होते. फरक फक्त त्या क्षणी टोकाखाली काय होते, एवढाच. म्हणून टेबलाचे भोकही काही सांगत असते : त्या दिवशी किती वाजले होते, जेवण झाले होते का, फोन वाजला होता का, ‘एवढे एकच राहिले’ म्हणून घाई चालली होती का.

आपल्याकडे या प्रश्नांना विशेष धार आहे आणि तिचे कारण चार इंची कटर. मुळात फरशी कापायचे हे यंत्र लाकडाचे पाते बसवून सर्रास सुतारकामाला वापरले जाते. इतकेच नव्हे, तर ते प्लायखाली उलटे बसवून, पाते वर काढून टेबल सॉसारखे चालवले जाते. तसे बसवायचे तर गार्ड आड येतो, म्हणून तो काढून टाकला जातो. व्यावसायिक कारागिरांकडे पाहून हौशी माणसेही तेच करतात. मोकळे फिरताना हे पाते मिनिटाला साधारण १२ हजार फेरे घेते, म्हणजे सेकंदाला २००. कडेचा वेग ताशी सुमारे २५० किलोमीटर भरतो. धोका दिसल्यावर हात मागे घ्यायला माणसाला सेकंदाचा पाचवा भाग तरी लागतो. तेवढ्यात पाते ४० वेळा फिरलेले असते. ‘मी चपळ आहे’ हा विश्वास इथे हिशेबातच बसत नाही.

त्यातही बोट आपणहून पात्यावर जाते असे नाही. फळी पात्यापाशी आवळली गेली की मागच्या बाजूचे वर येणारे दाते तिला उचलतात आणि चालवणाऱ्याच्या अंगावर फेकतात. फळीवर दाबलेला हात आधार सुटल्याने पात्यावर जाऊ शकतो. कापडी हातमोज्यांनी संरक्षण तर होत नाहीच, उलट मोजा अडकून हात आत ओढला जातो. फळीचा शेवटचा भाग हाताने न ढकलता लाकडाच्या पट्टीने ढकलणे आणि पाते बदलण्याआधी नुसते बटण बंद न करता प्लग काढणे, या दोन सवयी फुकट लागतात.

अमेरिकेत टेबल सॉच्या पात्यामुळे वर्षाला सुमारे ३० हजार जण जखमी होऊन रुग्णालयात येतात, असा तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाचा अंदाज आहे. यावर उपाय शोधणारा माणूसही हौशी सुतारच निघाला. भौतिकशास्त्रात डॉक्टरेट केलेले वकील स्टीव्ह गॅस यांनी १९९९च्या सुमारास अशी करवत बनवली, की त्वचेचा स्पर्श होताच विद्युत संकेत बदलतो आणि पाते काही मिलिसेकंदांत जागच्या जागी थांबते. चाचण्या सॉसेजवर झाल्या. शेवटी त्यांनी स्वतःचे बोट लावून पाहिले आणि ते शाबूत राहिले. आपल्या चार इंची कटरमध्ये अशी सोय नाही. तिथे पाते बंद करणारा माणूसच.

त्यामुळे बाही फाटली की पहिले काम यंत्र बंद करणे. हसावे, खुशाल हसावे; पण अॅड्रेनॅलिनने हात अजून कापत असतो, म्हणून पंधरा-वीस मिनिटे तरी पुन्हा कटर धरू नये. किस्सा पाहुण्यांना सांगण्याआधी तो भिंतीवर पेन्सिलीने लिहावा : तारीख, वेळ, काय धरले होते. महिन्यात दोन नोंदी एकाच वेळेच्या निघाल्या, तर ती वेळ रंधा मारायची किंवा घासायची, कटरची नव्हे.

आणि एवढे करूनही बोट गेलेच, तर घरातल्यांना चार गोष्टी आधीपासून ठाऊक हव्यात. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे आणि हात छातीच्या वर उचलून ठेवावा. हळद, कॉफी, चहा पावडर यातले काहीही भरू नये. तुटलेला भाग स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. बर्फावर थेट ठेवल्यास पेशी गोठून मरतात आणि जोडता येणारे बोटही वाया जाते. बोटात स्नायू नसल्याने ते गार ठेवले तर बारा तासांहून अधिक वेळही टिकू शकते, पण तो वेळ चुकीच्या रुग्णालयात घालवू नये. सूक्ष्मशस्त्रक्रिया कुठे होते हे निघण्याआधीच फोन करून विचारावे. जखमी माणसाला वाटेत काही खायला-प्यायला देऊ नये, धीर यावा म्हणून घोटभर चहासुद्धा नाही. तिथे पोहोचताच भूल द्यावी लागण्याची शक्यता असते.