मुलींचं शिबिर उभं कसं राहतं? पूर्व लंडनमधला एक उन्हाळा

२०२४ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघी मैत्रिणी लंडनमध्ये होतो. राज्य सरकारच्या परदेशी शिष्यवृत्तीवर समाजशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण चालू होतं. वर्ग संपले होते, प्रबंध लिहायचा राहिला होता. त्याच वेळी पूर्व लंडनमधल्या एका छोट्या महिला संस्थेने मुस्लिम मुलींसाठी दोन आठवड्यांचं उन्हाळी शिबिर ठरवलं आणि स्वयंसेवक हवेत म्हणून विचारलं. आम्ही लगेच नाव दिलं. गावाकडे वस्तीत शिबिरं घेण्याचा आमचा दहा वर्षांचा अनुभव. मंडप, माइक, खिचडी आणि चार वक्ते जमवले की शिबिर होतं, असंच आमच्या डोक्यात.

पहिल्या बैठकीत समन्वयक आपांनी आम्हाला एक यादी दिली. त्यात एकाही वक्त्याचं नाव नव्हतं. कोण मुलगी कुठून चालत येणार, तिला परत न्यायला कोण येणार, तिला कोणतं औषध लागतं, तलावावर जीवरक्षक कोण असणार, असे प्रश्न होते. त्या यादीतून आम्ही जे शिकलो ते इथे मांडतो आहोत. आपल्यापैकी अनेकजण दर मे महिन्यात मुलामुलींची शिबिरं घेतात, त्यांना उपयोग होईल.

सुट्टी सगळ्यांची सारखी नसते

टॉवर हॅम्लेट्स हा पूर्व लंडनमधला दाट वस्तीचा भाग. २०२१ च्या जनगणनेत इथल्या ३९.९ टक्के लोकांनी आपला धर्म इस्लाम नोंदवला. इंग्लंड आणि वेल्समध्ये हे प्रमाण सगळ्यात जास्त आहे. त्यातली बरीच कुटुंबं मूळची बांगलादेशातल्या सिल्हेटची. व्हाइटचॅपल रस्त्यालगत अल्ताब अली पार्क आहे. ४ मे १९७८ रोजी वर्णद्वेषातून खून झालेल्या एका तरुण कापड कामगाराचं नाव त्या बागेला दिलेलं आहे. इथल्या लोकांना ही जुनी गोष्ट वाटत नाही, ती घराघरात सांगितली जाते.

इंग्लंडमध्ये उन्हाळ्याची सुट्टी साधारण सहा आठवड्यांची, जुलैच्या शेवटापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत. ज्यांच्याकडे पैसे आहेत ते फिरायला जातात. आमच्या शिबिरातल्या मुलींची घरं लहान, आईवडील दोघंही कामावर. भाऊ खालच्या मैदानावर फुटबॉल खेळायला जातो आणि बारा वर्षांची बहीण धाकट्यांना सांभाळत घरात बसते. लंडनच्या सरकारी प्राथमिक शाळांत सप्टेंबर २०२३ पासून सगळ्या मुलांना दुपारचं जेवण मोफत मिळतं, पण शाळा बंद झाली की ते ताटही बंद होतं.

यावर इंग्लंडमध्ये एक सरकारी योजना आहे, सुट्टीतले उपक्रम आणि जेवण यांची. २०२० मध्ये फुटबॉलपटू मार्कस रॅशफर्डने सुट्टीतल्या उपासमारीवर मोठी मोहीम चालवली. पुढच्या वर्षी, २०२१ मध्ये, ही योजना देशभर लागू झाली. शाळेत गरिबीमुळे मोफत जेवण मिळणाऱ्या मुलांसाठी वर्षाला सहा आठवडे, आठवड्याला चार दिवस, दिवसाला चार तास खेळ, उपक्रम आणि सकस जेवण असं तिचं स्वरूप. स्थानिक कौन्सिल हा पैसा संस्थांना देते. आमच्या शिबिरातल्या बऱ्याच जागा याच पैशातून भरल्या होत्या.

वेगळं शिबिर कशाला?

आम्ही प्रामाणिकपणे सांगतो, आम्ही शंका घेऊनच गेलो होतो. फक्त मुली, त्याही मुस्लिम, म्हणजे आपणच भिंत बांधायची का? एकत्र यावं, मिसळावं हे आपण आयुष्यभर सांगत आलो.

आपांनी वाद घातला नाही. त्यांनी सांगितलं, पलीकडच्या रस्त्यावर सगळ्यांसाठी खुलं शिबिर आहे, दरवर्षी असतं. कोणालाही बंदी नाही. पण आपल्या गल्लीतल्या किती मुली तिथे गेल्या, ते घरोघरी विचारून या. आम्ही विचारलं. कोणाला तिथलं पोहणं मुलग्यांसोबत होतं म्हणून पाठवलं नव्हतं, कोणाला जेवण हलाल आहे की नाही हे कळलं नाही म्हणून, तर कोणाला आई इंग्रजी अर्ज भरू शकली नाही म्हणून. दार उघडं होतं, पण मुली घरातच होत्या.

ब्रिटनचा २०१० चा समानता कायदा धर्म किंवा लिंगावरून भेदभाव करायला मनाई करतो. मात्र एखादा गट मागे पडत असेल किंवा कुठे त्याचा सहभाग फारच कमी असेल, तर ती उणीव भरून काढणाऱ्या योग्य प्रमाणातल्या उपायांना तोच कायदा वाव देतो. आरक्षणाची बाजू मांडत वाढलेल्या आम्हाला हे समजायला खरं तर वेळ लागायला नको होता.

आधी कागद, मग खेळ

शिबिराच्या आठ आठवडे आधी काम सुरू झालं, ते कागदांपासून. मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाची पार्श्वभूमी सरकारी यंत्रणेकडून तपासली जाते. आमचीही झाली. स्वयंसेवकांना त्याचे पैसे पडत नाहीत, पण वेळ जातो. आठ वर्षांखालच्या मुलांना रोज दोन तासांपेक्षा जास्त सांभाळायचं तर सर्वसाधारणपणे ऑफस्टेड या सरकारी संस्थेकडे नोंदणी करावी लागते. म्हणून आम्ही आठ ते चौदा हा वयोगट घेतला.

किती मुलींमागे किती मोठी माणसं, हेही अंदाजाने ठरत नाही. तिथल्या नामांकित बालसंरक्षण संस्थेची शिफारस अशी: चार ते आठ वर्षांच्या सहा मुलांमागे एक, नऊ ते बारा वर्षांच्या आठांमागे एक, त्यापुढच्या दहांमागे एक. गट कितीही लहान असला तरी मोठी माणसं किमान दोन. आमच्या चाळीस मुलींसाठी आम्ही सात जणी होतो.

संमतीपत्रात तीन गोष्टी ठळक होत्या. मुलीला न्यायला कोण येणार, त्यांची नावं. ॲलर्जी आणि औषधं. आणि फोटो काढायला परवानगी आहे का. तेरा घरांनी फोटोला नाही म्हटलं, म्हणून आम्ही कोणाचेच फोटो काढले नाहीत. एरवी कार्यक्रम संपायच्या आत फोटो टाकायची आमची सवय. ती तिथे सुटली.

नमाज, जेवण, पाणी

शिबिर सकाळी दहा ते दुपारी तीन. जुलैअखेर लंडनमध्ये दुपारची, म्हणजे जोहरची नमाज सव्वा एकच्या सुमारास सुरू होते आणि त्यानंतरची पाच वाजल्यानंतर. म्हणजे दिवसात एकच नमाज मधे येते. जेवणानंतर वीस मिनिटं आणि एक शांत खोली, एवढी सोय पुरली. खोली उघडी असायची. कोणी गेली, कोणी बाहेर चित्रं काढत बसली. का गेली नाहीस, हे कोणी विचारायचं नाही, हा नियम. मासिक पाळीत मुली नमाज पढत नाहीत. तसं विचारलं तर चारचौघांत तिला ते सांगावं लागतं. असा विचार आमच्या मनात आलाच नसता.

कपड्यांचाही एकच नियम होता. मुलगी स्कार्फ घालून आली तर काढायला सांगायचं नाही, न घालता आली तर घालायला सांगायचं नाही. एका खालांनी दोन मुलींकडे बोट दाखवून तक्रार केली, तेव्हा आपांनी त्यांना चहा दिला आणि तोच नियम पुन्हा सांगितला.

जेवण हलाल असलं की झालं, असं आम्हाला वाटलं होतं. पण खाऊच्या पाकिटांवर आम्ही अडलो. रंगीत गोळ्या, जेली, मार्शमेलो यांत जिलेटिन असतं आणि ते बऱ्याचदा डुकराचं असतं. एका संध्याकाळी आम्ही बसून प्रत्येक पाकिटामागचा बारीक मजकूर वाचला आणि निम्मा खाऊ बाजूला काढला.

खरी चूक झाली ती पोहण्याच्या दिवशी. तलाव फक्त आमच्यासाठी राखून घेतला होता. जीवरक्षक स्त्री असेल असं फोनवर ठरलं होतं, पण लेखी घेतलं नव्हतं. आम्ही पोचलो तर एक तरुण उभा. त्याचा काही दोष नव्हता, त्याची पाळी होती. पंचवीस मुली कपडे बदलून, टॉवेल गुंडाळून दारात उभ्या. मोठ्या नऊ जणी पाण्यात उतरल्याच नाहीत. काठावर बसून त्यांनी धाकट्यांना पोहताना पाहिलं. त्यातली एक गेला महिनाभर या दिवसाचं बोलत होती. पुढच्या आठवड्यासाठी आम्ही लेखी घेतलं, आदल्या दिवशी जाऊन पाहिलं, काचेच्या भिंतीला पडदा लावून घेतला. तेव्हा ती पाण्यात उतरली आणि बाहेर यायला तयार होईना.

२९ जुलै

शिबिराचा पहिला दिवस सोमवार, २९ जुलै. त्याच दिवशी साउथपोर्ट या गावात सुट्टीतल्या नृत्यवर्गात एका तरुणाने चाकूहल्ला केला. सहा, सात आणि नऊ वर्षांच्या तीन मुलींचा जीव गेला. हल्लेखोर मुस्लिम निर्वासित आहे अशी खोटी अफवा पसरली. प्रत्यक्षात तो ब्रिटनमध्येच जन्मलेला १७ वर्षांचा मुलगा होता. दुसऱ्या दिवशी साउथपोर्टच्या मशिदीवर जमाव चालून गेला आणि पुढचा आठवडाभर अनेक शहरांत दंगली झाल्या. निर्वासितांना ठेवलेल्या हॉटेलांना आगी लावण्याचे प्रयत्न झाले.

आमच्या मुलींच्या आयांना दोन भीती एकदम होत्या. सुट्टीतल्या वर्गाला गेलेल्या लेकरांवर हल्ला झाला ही एक, आणि आता आपल्या लेकीचा स्कार्फ पाहून कोणी अंगावर येईल ही दुसरी. ५ ऑगस्टला चाळीसपैकी एकवीस मुली आल्या.

शिबिर बंद करायचं का, यावर त्या संध्याकाळी दोन तास चर्चा झाली. शेवटी ठरलं की निर्णय घरांवर सोडायचा, पण वाट सुरक्षित करणं आपलं काम. सिल्हेटी बोलणाऱ्या दोघींनी प्रत्येक घरी फोन केला. चार ठिकाणं ठरवली. तिथून स्वयंसेविका मुलींना गटाने चालवत आणणार आणि तसंच परत नेणार. बुधवारची बागेतली सहल रद्द झाली, खेळ सभागृहात घेतले. शेजारच्या चर्चमधल्या दोन वृद्ध बाई न सांगता आल्या आणि सकाळी दारापाशी खुर्च्या टाकून बसल्या.

मंगळवारी गोलात बसलो असताना दहा वर्षांची एकजण म्हणाली, "आपा, हे आमच्यामुळे झालं का?" आमच्याकडे तयार उत्तर नव्हतं. आपा तिच्याशेजारी खाली बसल्या आणि म्हणाल्या, "नाही. एका माणसाने केलं आणि बाकीच्यांनी खोटं सांगितलं." मग मुलींनीच सुचवलं म्हणून त्या तीन मुलींच्या घरच्यांसाठी कार्डं केली. सगळ्यात जास्त वेळ फुलांच्या रंगांवरून भांडण झालं.

७ ऑगस्टला देशभर आणखी दंगली होणार अशा याद्या फिरत होत्या. त्या संध्याकाळी पूर्व लंडनमध्येच वॉल्थमस्टो इथे हजारो लोक वर्णद्वेषाविरुद्ध रस्त्यावर उतरले. ८ तारखेला, शेवटच्या दिवशी, आमच्याकडे छत्तीस मुली होत्या.

आपण काय घ्यायचं

मुलींना मैदानावर आणायचं काम आपल्याकडेही चालू आहे. ठाण्याजवळच्या मुंब्र्यात 'परचम' या संस्थेने मुस्लिम मुलींचा फुटबॉल सुरू केला, तेव्हा पहिली लढाई मैदानासाठीच होती. आपल्या वस्त्यांमध्ये मात्र शिबिराला मुली कमी आल्या की आपण पालकांच्या मागासलेपणावर बोट ठेवून मोकळे होतो.

पुढच्या शिबिराआधी पत्रिका छापण्यापूर्वी ही कामं करू या. गेल्या वर्षी न आलेल्या मुलींची यादी करून त्यांच्या घरी जाऊन कारण विचारायचं. शौचालयाला कडी आणि पाणी आहे का, हे स्वतः पाहायचं. येण्याजाण्याची सोबत नावानिशी ठरवायची. मुलांबरोबर राहणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाची, मग तो कितीही जुना कार्यकर्ता असो, चौकशी करायची. फोटोसाठी आईवडिलांना आणि मुलीलाही विचारायचं. जे ठरलं ते लिहून घ्यायचं.

वक्ते नंतर ठरवता येतील. आम्ही परत आल्यावर आमच्या वस्तीतल्या न आलेल्या मुलींची यादी केली. तीस नावं निघाली. त्यातल्या अकरा घरी आम्ही आजवर कधी गेलोच नव्हतो.