जुनी गाडी घेताय? ‘ॲव्हरेज किती?’ विचारण्याआधी वर्षाचे किलोमीटर मोजा

ऊसबिल खात्यावर जमा झालं, दुधाचे चार पैसे साठले की घरात चारचाकीचा विषय निघतोच. नवी गाडी आवाक्याबाहेर, म्हणून तीन-चार लाखांत जुनी बघायची ठरते. गाडीपाशी गेल्यावर पहिला प्रश्न ठरलेला, “ॲव्हरेज किती देती?” विकणाऱ्याचं उत्तरही ठरलेलं, “वीसच्या खाली येतच नाही!” या एका आकड्यावर अनेकजण लाखभर रुपये जादा मोजतात. तो जादा पैसा वसूल होणार की नाही, हे गाडीपेक्षा तुमच्या वापरावर ठरतं.

आधी घरचा हिशेब

वस्तीवर राहणारं पाच जणांचं कुटुंब धरू. तालुक्याचं गाव १८ किलोमीटर. आठवड्यातून दोन फेऱ्या म्हणजे वर्षाला साधारण ३,७५० किलोमीटर. महिन्यातून एकदा दवाखान्यासाठी किंवा कामासाठी जिल्ह्याच्या गावी, जाऊन-येऊन २०० किलोमीटर, म्हणजे २,४००. लग्नसराई, देवदर्शन, पाहुणेरावळे मिळून आणखी १,८५०. एकूण झाले ८,००० किलोमीटर.

हिशेबापुरतं पेट्रोल १०५ रुपये आणि डिझेल ९२ रुपये लिटर धरू. पेट्रोल गाडी १६ चं ॲव्हरेज देत असेल तर वर्षाला ५०० लिटर, म्हणजे ५२,५०० रुपये. डिझेल गाडी २० चं देत असेल तर ४०० लिटर, म्हणजे ३६,८०० रुपये. वाचले १५,७०० रुपये. त्याच दर्जाची डिझेल गाडी एक लाखाने महाग मिळत असेल, तर ते लाख रुपये निघायला सहा वर्षांहून जास्त लागतील. त्यात डिझेलचा इंजेक्टर किंवा टर्बो एकदा जरी बिघडला, तरी दोन-तीन वर्षांची बचत गॅरेजमध्ये जाते.

आता दुसरं उदाहरण. नोकरीसाठी रोज ८० किलोमीटर ये-जा करणारा माणूस वर्षाला २४,००० किलोमीटर गाडी चालवतो. त्याचे डिझेलवर वर्षाला ४७,१०० रुपये वाचतात. त्याचा लाखभर रुपयांचा फरक दोन-सव्वादोन वर्षांत भरून निघतो. गाड्या त्याच, दरही तेच. फरक फक्त किलोमीटरचा. आपल्या पंपावरचा दर घालून हा हिशेब वहीवर मांडा आणि मगच बाजारात जा.

सीएनजी स्वस्त, पण पंप किती लांब?

सीएनजीचा किलोमीटरमागचा खर्च कमी येतो, हे खरं. पण गावापासून पंप ३० किलोमीटरवर असेल, तर नुसता गॅस भरायला ६० किलोमीटरची फेरी पडते. रांगेतला वेळ वेगळा. नेहमीच्या ६० लिटरच्या टाकीत प्रत्यक्षात आठ-नऊ किलोच गॅस बसतो. डिकी टाकीने भरली की खताची पोती, भाजीची कॅरेट ठेवायची कुठे, हाही प्रश्न आहे. रोजच्या वाटेवर पंप असेल तरच सीएनजीचा विचार करावा. किट बाहेरून बसवलेलं असेल तर त्याची नोंद आरसी बुकात आहे का, आणि टाकीची दर तीन वर्षांनी होणारी तपासणी झाली आहे का, हे आधी बघा.

कागदावरचं ॲव्हरेज आणि रस्त्यावरचं

कंपनी सांगते तो आकडा प्रयोगशाळेत, ठरावीक वेगात काढलेला असतो. खड्डे, चढ, एसी आणि पाच माणसं आली की तो खाली येतो. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा साधारण एक तृतीयांश कमी असल्याने ॲव्हरेजमध्ये थोडी घट धरूनच चालावं.

खरा आकडा काढायची जुनी रीत अजूनही उत्तम. टाकी फुल करा, १०० किलोमीटर चालवा, त्याच पंपावर पुन्हा फुल करा. जितकं लिटर बसलं, त्याने किलोमीटरला भागा. विकणारा एवढं चालवू देत नसेल तर निदान ओळखीच्या मिस्त्रीला सोबत न्या. गाडी थंड असतानाच सुरू करायला सांगा. सायलेन्सरमधून निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल जाळतंय. काळा धूर म्हणजे इंधन नीट जळत नाही. अशा गाडीच्या ॲव्हरेजवर भरवसा नको.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. गाडी सतत दोन-चार किलोमीटरच फिरली तर तो तुंबतो. वस्ती ते गाव एवढाच वापर असेल, तर अशा गाडीपासून लांब राहिलेलं बरं.

आपल्या वाटेवर चालेल का?

पाच माणसं बसवून, डिकीत वजन टाकून गाडी आपल्याच वस्तीच्या वाटेवर घालून बघा. उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोरीत मधला उंचवटा खाली घासतो का, हे तिथंच कळतं. म्हाताऱ्या माणसांना चढता-उतरता येतं का, तेही बघा. ज्या गाडीचे पार्ट तालुक्यात मिळतात आणि जी गावातला मिस्त्री उघडू शकतो, तीच घ्या. बंद पडलेल्या मॉडेलची मोठी गाडी स्वस्तात मिळते, पण एका पार्टसाठी आठ-आठ दिवस उभी राहते.

किलोमीटरचा काटा मागे फिरवलेला असू शकतो. म्हणून सर्व्हिसिंगच्या नोंदी मागा. मीटर ४० हजार दाखवतंय आणि क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, तर काहीतरी गडबड आहे. टायरवर चार अंकी आकडा असतो. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी चांगली दिसली तरी जुना टायर बदलावाच लागतो.

कागदपत्रांत चालढकल नको

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर फिटनेस तपासणी, पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर हा खर्च येतो. बारा वर्षांची गाडी घेताना तीनच वर्षं शिल्लक आहेत, हे भाव ठरवताना बोलून दाखवा. आरसीवर बँकेचा बोजा आहे का, चलनं थकली आहेत का, हे एमपरिवहन ॲपवर दिसतं. परराज्यातली गाडी स्वस्त वाटते, पण इथं नोंदवताना कर पुन्हा भरावा लागतो.

गाडी राज्यातलीच असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमा नावावर करायला १४ दिवसांत अर्ज करा. ‘नंतर करू’ म्हणून फॉर्मवर नुसत्या सह्या घेऊन गाडी घरी आणू नका.

आणि हो, हातात चार लाख असतील तर गाडी साडेतीन लाखांपर्यंतचीच बघा. टायर, बॅटरी, विमा, नावावर करायचा खर्च आणि पहिली सर्व्हिसिंग हे सगळं पहिल्या दोन महिन्यांतच अंगावर येतं. त्यासाठी पुन्हा उसनवारी करायची वेळ येऊ नये.