सत्त्वावजय आणि हातचे काम : महामारीतील काही अनुभव

२५ मार्च २०२० रोजी गुढीपाडवा होता आणि त्याच दिवसापासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. सांगलीतील आमच्या गल्लीत गुढ्या उभ्या राहिल्या, पण कडुनिंबाचा पाला आणण्यासाठी बाजारात जाण्याची सोय नव्हती. माझ्या चिकित्सालयाच्या आवारात एक कडुनिंब आहे. शेजाऱ्यांनी भिंतीवरून हात घालून त्याच्या डहाळ्या नेल्या, आणि एरवी गप्पा मारल्याशिवाय न जाणारी ही माणसे त्या दिवशी एकमेकांकडे न पाहताच परतली. जिल्ह्यातील इस्लामपुरात त्याच आठवड्यात एका कुटुंबात रुग्ण आढळले होते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरातून सावरून अवघे सात महिने झाले होते. पाणी निदान दिसते तरी. हे संकट दिसतही नव्हते.

त्या काळात आपण वैद्यांनी काय केले, याविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. काढे, चूर्णे, रसायने, नस्य, गंडूष यांची चर्चा परिषदांतून झाली. प्रस्तुत लेखात त्याची पुनरुक्ती करण्याचा हेतू नाही. मला सांगावयाचे आहे ते माझ्या घरातील व चिकित्सालयातील एका छोट्या गोष्टीविषयी, जिच्याकडे शास्त्र माहीत असूनही माझे लक्ष उशिरा गेले.

माझे वडील त्या वेळी ८१ वर्षांचे होते. निवृत्त शिक्षक, वातप्रधान प्रकृती, आयुष्यभर शिस्तीचे. टाळेबंदीच्या पहिल्या आठवड्यातच त्यांनी दूरदर्शन संचासमोर ठाण मांडले. सकाळी आकडे, दुपारी आकडे, रात्री पुन्हा आकडे. रात्री दोन-तीन वेळा उठून ते दाराची कडी तपासून येत. झोप गेली, अरुची आली, मलावष्टंभ सुरू झाला. पथ्याचे अन्न वेळेवर व मात्रेत देऊनही पोट जड राही. चरकाचार्यांनी विमानस्थानात सांगितलेच आहे की, चिंता, शोक, भय आणि जागरण यांनी ग्रासलेल्या माणसाला मात्रेत घेतलेले पथ्यकर अन्नही पचत नाही. हा संदर्भ मी पंचवीस वर्षांपूर्वी पाठ केला होता. घरच्या ताटासमोर बसून तो प्रथमच समजला.

औषधे अर्थातच दिली. अश्वगंधा दुधातून, सारस्वतारिष्ट, रात्री पादाभ्यंग, ब्राह्मी तेलाचा शिरोपिचू. थोडा उपशय मिळे, पण सकाळच्या बातम्यांबरोबर तो संपून जाई.

माझी पत्नी त्या वेळी बेळगावास माहेरी अडकली होती. राज्याची सीमा बंद झाल्यामुळे स्वयंपाकघर माझ्याकडे व माझ्या चौदा वर्षांच्या मुलाकडे आले. येथे एक कबुली द्यावीशी वाटते. पंचकर्मानंतर रुग्णाला संसर्जनक्रम लिहून देताना पेया, विलेपी, यूष हे शब्द मी सहज लिहीत आलो होतो. विलेपीस चौपट पाणी, यवागूस सहापट, मंडास चौदापट, हे शार्ङ्गधराचे प्रमाण मला झोपेतही सांगता आले असते. प्रत्यक्ष शेगडीपुढे उभे राहिल्यावर मात्र पहिली विलेपी तळाला लागली आणि दुसरी पातेल्याबाहेर आली. चौपट पाण्यात तांदूळ मऊ होईतो मंद आच किती मंद असावी लागते, झाकण केव्हा काढावे, जुना तांदूळ व नवा तांदूळ यांत किती फरक पडतो, हे कोणत्याही परीक्षेत मला विचारले गेले नव्हते. आपल्या सूचनेवरून रुग्णांच्या घरच्या स्त्रियांनी इतकी वर्षे काय काय केले असेल, या विचाराने मी खजील झालो.

करपल्याचा वास दिवाणखान्यात गेला आणि वडील उठून आले. रागावले नाहीत. त्यांनी पातेले बाजूला ठेवले, तांदळाचे ताट मागून घेतले आणि निवडावयास बसले. त्या दिवशी दुपारच्या बातम्या सुरू होत्या, परंतु समोर कोणी नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी लसूण सोलला, तिसऱ्या दिवशी भुईमुगाच्या शेंगा फोडल्या आणि नातवाला मेतकूट कसे करतात ते सांगू लागले. हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, तांदूळ, गहू यांतील प्रत्येक धान्य वेगळे भाजावयाचे, सुंठ, हळद, जिरे, मेथ्या किती घालावयाच्या, हे सारे त्यांना त्यांच्या आईच्या हातावरून आठवत होते. मेतकूट व मऊ भात ही दीपन-पाचन करणारी जोडी आपण रुग्णांना सांगतो. आमच्या घरी ती अशी आली.

त्यानंतर टकळी आली. महापुराच्या वेळी माळ्यावर चढविलेली ट्रंक खाली उतरवली असता तीत त्यांची शाळेतील टकळी सापडली. मूलोद्योग शिक्षणाच्या काळात सूतकताई शाळेत शिकविली जाई, हे वयस्क वाचकांना आठवत असेल. माझ्या चिकित्सालयातील पिचूसाठीचा शोषक कापूस त्यांनी प्रथम घेतला, पण त्याचा धागा धड निघेना. मग देवघरातील वातींच्या कापसाचे पेळू केले. पहिले दोन दिवस सूत तुटतच राहिले. ते पुन्हा जोडीत, पुन्हा फिरवीत. टकळी फिरवताना दुसरीकडे पाहता येत नाही. पाहिले की सूत तुटते. असे दहा-बारा दिवस गेल्यावर एके रात्री ते निजले ते पहाटे पाचला उठले. कडी तपासावयास उठले नाहीत. औषध तेच होते, मात्रा तीच होती. श्रेय औषधाला किती व टकळीला किती, हे एका रुग्णावरून सांगता येणार नाही, आणि तसा दावाही मी करीत नाही.

परंतु विचार सुरू झाला. चरकाचार्यांनी मनाचे दोन गुण सांगितले आहेत, अणुत्व आणि एकत्व. मन एका क्षणी एकाच विषयाशी जोडले जाते. भीती ‘सोडा’ म्हणून सुटत नाही, कारण सोडावयाचे म्हटले तरी मन त्याच विषयापाशी राहते. त्याला दुसरा विषय द्यावा लागतो, आणि तो असा हवा की जो डोळा, त्वचा व हात यांना एकत्र गुंतवील. सत्त्वावजयाची व्याख्या करताना अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह असे आपण शिकलो. निग्रह या शब्दामुळे आपली समजूत अशी झाली की हे काम उपदेशाने होते. मी स्वतः दूरध्वनीवरून रुग्णांना कितीतरी उपदेश केला. ‘घाबरू नका, बातम्या पाहू नका, सकारात्मक विचार करा.’ त्याचा उपयोग किती झाला हे न विचारणेच बरे. हस्त हे कर्मेंद्रिय आहे आणि त्यालाही चिकित्सेत स्थान असू शकते, हे मला वडिलांच्या टकळीने दाखविले.

याच सुमारास माझी एक चूक लक्षात आली. तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन, मिरी एक असा आयुष काढा शासनाने त्या वसंतात सुचविला होता. कल्पना चांगली होती. परंतु वैशाखात, सांगलीच्या उन्हाळ्यात, लोक तो दिवसातून चार-पाच वेळा पिऊ लागले. जितका तिखट तितका गुणकारी, असा समज झाला. मुखपाक, अम्लपित्त, रक्तार्श यांच्या तक्रारी घेऊन दूरध्वनी येऊ लागले. ग्रीष्मात कटु रस टाळावा, मधुर, शीत, द्रव आहार घ्यावा, हे ऋतुचर्येत स्पष्ट असता मी ते आरंभी ठासून सांगितले नव्हते. भीतीला काही तरी करावयाचे असते. हाताला दुसरे काम नसले की ती काढ्याचे भांडे पुन्हा पुन्हा चुलीवर चढविते. नंतर मी अशा रुग्णांना काढा एकवेळ करून उरलेल्या वेळेत कोकमाचे सार, आंबेडाळ, धणे-जिऱ्याचे पाणी स्वतः करावयास सांगू लागलो. करण्याची गरजही भागली आणि पित्तही शमले.

मात्र सर्वांना एकच माप लावता येत नाही. हे मला मिरजेच्या एका रुग्णेने शिकविले. तिचे पती सप्टेंबर २०२० मध्ये रुग्णालयात गेले ते परत आले नाहीत. अंत्यदर्शनही झाले नाही. अनिद्रा व हृद्द्रव यांसाठी ती आली तेव्हा मी नव्या उत्साहात म्हणालो, ‘ताई, स्वयंपाकात मन घाला, बरे वाटेल.’ ती शांतपणे म्हणाली, ‘डॉक्टर, सहा माणसांचं तीन वेळचं मीच करते. अजून किती मन घालू?’ यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. जे काम माझ्या वडिलांना औषध ठरले, ते तिच्यावर ओझे म्हणून आधीच लादलेले होते. टाळेबंदीत घराघरांतून नवनवीन पदार्थांचे कौतुक झाले. भांडी कोणी घासली हे क्वचितच विचारले गेले.

पुढच्या भेटीत तिने आपणहून सांगितले की, पतीचे सदरे व दोन धोतरे कोणाला द्यावयाचा धीर होत नव्हता, म्हणून ती व तिच्या जाऊबाई गोधडी शिवावयास बसल्या आहेत. दुपारी एक तास, त्या वेळेत घरातील दुसऱ्या कोणी चहा करावयाचा असे ठरले होते. गोधडीचे टाके लहान, सरळ, एकामागून एक. दोघी समोरासमोर बसून दोन कडांकडून आत येतात. टाके घालता घालता प्रथमच ती पतीविषयी बोलू शकली, असे जाऊबाईंनी मला सांगितले. दोन महिने ते काम चालले. मी औषधाची मात्रा हळूहळू कमी केली. गोधडी मी सुचविली नव्हती. केसपेपरवर नोंद मात्र केली.

तेव्हापासून अशा रुग्णास हातचे काम सुचविताना मी औषधाप्रमाणेच विचार करतो. आधी विचारतो, लहानपणी हाताने काय येत होते? उत्तर देताना माणसाचा चेहरा पाहावा. मग काल व मात्रा. वातप्रकृतीस एकाच लयीचे, बसून करावयाचे काम मानवते. पित्तप्रकृतीस पहाटेची बाग मानवते, पण स्पर्धा व छायाचित्रांचे प्रदर्शन मानवत नाही. कफप्रकृतीस कुदळ द्यावी. मन्यास्तंभ असलेल्यास विणकाम देऊ नये, मंददृष्टीस रात्रीची सुई देऊ नये, थकवा येण्यापूर्वी थांबण्यास सांगावे. आणि ज्याच्यावर कामाचा भार आहे त्याचा भार आधी कोणी तरी उचलावा लागतो. तेही लिहून द्यावे, नातेवाइकांसमोर वाचून दाखवावे.

मर्यादाही सांगितली पाहिजे. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत एका परिचितांचा दूरध्वनी आला. गच्चीवरील वांग्यांना फळ धरल्याचे ते आनंदाने सांगत होते, आणि प्रत्येक वाक्यात दोनदा थांबत होते. मी बागेचे ऐकत राहिलो. पाच मिनिटांनी मला ते थांबणे ऐकू आले. ऑक्सिमीटर लावण्यास सांगितला, आकडा ८८ निघाला. खाट मिळावयास रात्र गेली. ते वाचले, परंतु ती पाच मिनिटे मला अद्याप टोचतात. श्वास लागलेल्या माणसाला मन रमविण्याचे सांगणे ही चिकित्सा नव्हे.

आता थोडे औषधविक्रेते बंधूंसाठी. आमच्या पेठेतील एका स्नेह्यांचे आयुर्वेदिक औषधांचे दुकान आहे. २०२० च्या उन्हाळ्यात गुळवेल सत्त्वाची मागणी इतकी वाढली की माल मिळेना. जो मिळे त्याची खात्री वाटेना. पुढे २०२१ मध्ये मुंबईतील काही रुग्णांत गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झाल्याचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यावर आयुष मंत्रालयाने वनस्पतीच्या ओळखीविषयी प्रश्न उपस्थित केला. तो वाद येथे सोडविण्याचा माझा अधिकार नाही. परंतु गुळवेल व तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल यांतील फरक, म्हणजे त्या दुसरीच्या कांडावरील फोडांसारखे उंचवटे व दुधासारखा चीक, हा किती विक्रेत्यांनी व किती वैद्यांनी प्रत्यक्ष झाडावर पाहिला होता? माझ्या स्नेह्यांनी पाहिला नव्हता. मीही महाविद्यालय सोडल्यावर पाहिला नव्हता.

त्यांनी दुकानामागील मोकळ्या जागेत, रंगाच्या रिकाम्या डब्यांतून लागवड सुरू केली. अडुळसा, तुळस, गवती चहा, मंडूकपर्णी. दुकान दिवसातून थोडाच वेळ उघडे ठेवता येई. उरलेला वेळ ते मातीत असत. गिऱ्हाइकाला एखादे रोप नावासह देत. धंदा बुडेल असे त्यांच्या मुलाने म्हटले. तसे झाले नाही. घरी अडुळसा लावणारी माणसे सितोपलादी नेण्यास येतच राहिली, वर पानांविषयी प्रश्न विचारू लागली. जनपदोद्ध्वंसाच्या अध्यायात पुनर्वसू आत्रेय अग्निवेशाला, भूमी विरस होण्यापूर्वी औषधी गोळा करून ठेव, असे सांगतात. मी हा संदर्भ स्नेह्यांना ऐकविला तेव्हा ते म्हणाले, ‘वैद्यबुवा, गोळा करायला आधी ओळखता आली पाहिजे ना!’

गुळवेलीचे कलम मात्र त्यांच्याकडे डब्यात नीट धरेना. तिला चढावयास झाड हवे होते. ज्येष्ठात, पाऊस सुरू होण्याच्या आधी, बोटाएवढ्या जाडीची वीतभर लांबीची कांडी घेऊन ते माझ्याकडे आले. चिकित्सालयाच्या आवारातील कडुनिंबाच्या बुंध्याशी आम्ही ती लावली. वडिलांनी कातलेल्या सुताचा दोरा वळून वेलीला पहिला आधार त्यांनीच बांधला. वडील २०२३ मध्ये गेले. वेल आता दुसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचली आहे, आणि दर वर्षी ज्येष्ठात आमचे स्नेही कात्री घेऊन कलमे न्यावयास येतात.